रोबो सरळ का चालत नाही

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात भाचीने खडूने एक रेघ मारली. पाच मीटर, टेपने मोजून. रेघेच्या एका टोकाला तिच्या टीमचा रोबो ठेवला. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांचा सांगाडा, चार चाकं, चार मोटरी, आणि वर झिप-टायने आवळलेलं वायरींचं जंजाळ. चारही मोटरी एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून निघालेल्या. चौघींना वीजदाब सारखाच. बटण दाबलं. रोबो दोन मीटर शहाण्यासारखा गेला, मग हळूच डावीकडे कलायला लागला आणि शेवटी चपलांच्या रॅकला जाऊन भिडला.

पुन्हा लावला, पुन्हा चपला. मेकॅनिकलचा मुलगा म्हणाला, कोडिंगमध्ये घोळ आहे. कोडिंग करणारी मुलगी म्हणाली, चाकं वाकडी बसवलीत. तेवढ्यात माझी बहीण चहा घेऊन आली. ती म्हणाली, "अरे, चौकाला उतार आहे तिकडे. पावसाचं पाणी जातं कुठे, बघितलंय का कधी?"

तिघांचंही खरं होतं.

मी आयुष्याची तीस वर्षं बडोद्याच्या आसपासच्या रासायनिक कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. म्हणजे टाकीतलं तापमान, पाइपातला प्रवाह, कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे सांभाळणं. रोबो वगैरे माझा प्रांत नाही. पण त्या संध्याकाळी चपलांच्या रॅकशी अडकलेलं ते यंत्र बघून मला एकदम ओळखीचं वाटलं, कारण त्याचं दुखणं आणि आमच्या टाकीचं दुखणं एकच. हल्ली रोबो म्हटलं की लोक लगेच बुद्धीविषयी बोलायला लागतात. तो विचार करेल का, आपल्या नोकऱ्या खाईल का. इथे त्याला पाच मीटर सरळ जाता येत नाही! ते त्याला कसं शिकवतात, तेवढंच सांगतो.

आधी स्पर्धेविषयी थोडं. आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने ही 'रोबोकॉन' स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू केली. आपल्याकडे दूरदर्शनमुळे ती ओळखीची झाली. दरवर्षी यजमान देश खेळ ठरवतो आणि बहुतेक वेळा तो त्याच्या मातीतला असतो. २००८ साली पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे चक्क दहीहंडी. २०२२ साली यजमानपद पुन्हा भारताकडे आलं आणि विषय निघाला लगोरी. भाचीची टीम त्याच वर्षीची. एक रोबो चेंडू मारून लगोरी फोडणार, दुसरा ती पुन्हा रचणार, रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला आणि समोरचा संघ तो पाडायला टपलेला. दगडांच्या जागी पाच चकत्या, एकावर एक. टीममधली गुजराती पोरं म्हणाली, हे तर आमचं सतोडियुं. नियमांचं पुस्तक हातात पडलं आणि पुढचे कित्येक महिने आमच्या चौकाची प्रयोगशाळा झाली, कारण कॉलेजची वर्कशॉप संध्याकाळी बंद व्हायची आणि पोरांना जाग यायची ती संध्याकाळीच.

आता मूळ प्रश्न. एकाच खोक्यातल्या चार मोटरी सारख्या का फिरत नाहीत?

कारण सारखं असं काही नसतंच. एकीचं बेअरिंग जरा घट्ट, एकीच्या गिअरमध्ये ग्रीस जास्त. बॅटरी डाव्या बाजूला ठेवली म्हणून तिकडच्या चाकांवर भार जास्त. शंभरात एक-दोन फेऱ्यांचा फरक पडला तरी पुरे. उजवी चाकं किंचित जास्त फिरली की गाडी डावीकडे वळणारच. त्यात चौकाची कोटा फरशी, तिचा उतार, सांध्यातला सिमेंटचा उंचवटा. तुम्ही कमाटीबागेच्या हिरवळीवर डोळे मिटून चालून बघा, वीस पावलांत तुम्हीही भलतीकडेच निघालेले असता. तुमचे पाय वाकडे नसतात, फक्त तुम्ही बघत नसता. आमच्या भाषेत याला 'ओपन लूप' म्हणतात. हुकूम सोडायचा आणि तो पाळला गेला असं धरून चालायचं. सरकारी परिपत्रकासारखं.

त्यावर पोरांना सुचलेला पहिला उपाय अगदी माणसासारखा होता. डावीकडे जातोय ना, मग डाव्या मोटरींना थोडा जास्त जोर द्या. दिला. त्या दिवशी रोबो सरळ गेला. दुसऱ्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज होती, तर तो उजवीकडे गेला.

चूक काढून टाकता येत नाही, ही गोष्ट पचायला त्यांना आठवडा लागला. मोजता मात्र येते. आणि मोजता आली की क्षणाक्षणाला थोडी थोडी दुरुस्तही करता येते.

मोजायचं साधन म्हणजे एन्कोडर. मोटरीच्या दांड्यावर एक चकती, तिच्यावर बारीक खाचा किंवा रेघा, समोर एक डोळा. दांडा फिरला की डोळा रेघा मोजतो. खरं तर डोळे दोन असतात, किंचित पुढेमागे बसवलेले. कोणता डोळा आधी बघतो त्यावरून चाक पुढे चाललंय की मागे ते कळतं. चकतीवर ६०० रेघा असतील तर दोन डोळ्यांच्या हिशोबाने एका फेरीत २४०० वेळा मोजणी होते. घराच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणाऱ्या आजीसारखं हे यंत्र, डुलकी न घेणारं.

पण चाक किती फिरलं हे कळणं वेगळं आणि रोबो किती पुढे गेला हे कळणं वेगळं. पावसात स्कूटर जागच्या जागी घसरते तेव्हा चाक फिरतच असतं ना. या पोरांच्या रोबोला तर मुद्दाम घसरणारी चाकं होती, मेकॅनम चाकं. स्वीडनच्या बेंग्ट इलॉन या इंजिनिअरने १९७०च्या दशकात ती काढली. चाकाच्या कडेवर पिंपासारखे छोटे रोलर असतात, ४५ अंशांत तिरके बसवलेले. त्यामुळे प्रत्येक चाक जमिनीला सरळ ढकलत नाही, तिरकं ढकलतं. चारही चाकं पुढे फिरवली तर त्यांचे आडवे जोर एकमेकांना मारतात आणि गाडी पुढे जाते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक पुढे, उरलेली दोन मागे, असं केलं तर पुढे-मागे ढकलणारे जोर एकमेकांना मारतात आणि गाडी तोंड न वळवता थेट उजवीकडे सरकते, खेकड्यासारखी. दांडिया बाजारात गाडी लावणाऱ्या कोणालाही या चाकाचा हेवा वाटेल. पहिल्यांदा रोबो असा आडवा सरकला तेव्हा वाड्यातली लहान पोरं टाळ्या वाजवत नाचली होती.

या कसरतीची किंमत म्हणजे घसरण. रोलर सरकतात, ठेचकाळतात आणि मोटरीवरचा एन्कोडर बिचारा खोटी साक्ष देत राहतो. म्हणून टीमने आणखी दोन-तीन छोटी चाकं खाली लावली, जी मोटरीला जोडलेली नाहीत. स्प्रिंगने जमिनीला टेकून नुसती घरंगळतात आणि स्वतंत्र एन्कोडर फिरवतात. मुलं त्यांना 'डेड व्हील' म्हणतात. नाव मेलेलं, पण रोबोतलं सगळ्यात विश्वासू माणूस तेच. ज्याला काही ढकलायचं नाही, त्याला खोटं बोलायचं कारण नाही.

इथे मी माझं वजन वापरलं. त्या छोट्या चाकाच्या खोक्यावर लिहिलं होतं, व्यास ५८ मिलिमीटर. पोरांनी तोच आकडा प्रोग्रॅममध्ये टाकलेला. रोबो सांगायचा पाच मीटर झाले, टेप सांगायची चार मीटर पंचाण्णव. अख्खी रात्र कोडमधली चूक शोधण्यात गेली. सकाळी मी कपाटातून माझं जुनं व्हर्नियर कॅलिपर काढलं आणि म्हटलं, चाक मोजा. निघालं ५७.४. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त, पण शेकडा एक. पाच मीटरवर शेकडा एक म्हणजे पाच सेंटिमीटर. लगोरीची चकती उचलायला गेलेल्या पंजाला पाच सेंटिमीटर म्हणजे दुसरा मोहल्लाच.

अंतराहून कोन जास्त फसवा. एक अंशाची चूक डोळ्याला दिसत नाही, पण पाच मीटर चालल्यावर तीच पावणेनऊ सेंटिमीटर बाजूला नेऊन टाकते. म्हणून तोंड कुठे आहे ते सांगायला वेगळी चिप असते, जायरोस्कोप. आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. चिप वळली की त्या थरथरीला बाजूचा हेलकावा बसतो आणि तो मोजून वळण्याचा वेग काढतात. आपल्या फोनमध्येही असलीच चिप असते. तिची खोड अशी की ती कोन सांगत नाही, वळण्याचा वेग सांगते. कोन हवा तर वेगाची क्षणाक्षणाला बेरीज करत बसायचं. आणि स्थिर ठेवली तरी ती शून्य दाखवत नाही, काहीतरी किरकोळ दाखवतेच. समजा सेकंदाला ०.०५ अंश. किरकोळच, पण बेरीज चालू आहे. तीन मिनिटांत झाले नऊ अंश. म्हणून बटण चालू केल्यावर पहिले काही सेकंद रोबोला अजिबात हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात तो स्वतःचं खोटं शून्य मोजून घेतो आणि पुढे तेवढं वजा करत राहतो. आमच्या घरी त्या काही सेकंदांसाठी "कोणी हलू नका" अशी आरोळी उठायची. एकदा बहिणीने नेमकं तेव्हाच रोबोखालून केर काढला. त्या दिवशी रोबोचं पूर्व-पश्चिम सगळं फिरलं.

आता आपण कुठे आहोत हे कळलं आणि कुठे असायला हवं हेही ठाऊक आहे. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे चूक. या चुकीवरून मोटरीला किती जोर द्यायचा हे ठरवणं हाच सगळ्यातला खरा खेळ. इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझी तीस वर्षं यातच गेली.

कल्पना करा, तुम्ही ॲक्टिव्हा घेऊन वाड्याच्या दरवाजातून आत येताय आणि ओट्याला टेकून थांबायचंय. ओटा लांब आहे तोवर ॲक्सिलरेटर जास्त पिळता, जवळ आला की कमी. चूक जेवढी मोठी तेवढा जोर मोठा. हा झाला पहिला नियम, प्रमाणाचा. इंग्रजी नावावरून त्याला 'पी' म्हणतात. मुलांनी आधी एवढाच घातला. रोबो झपाट्याने निघाला आणि ठरल्या जागेपुढे गेला, कारण वजनदार वस्तूला थांबायचं असं एका क्षणात कळत नाही. मग चूक उलटी झाली, तो मागे आला, पुन्हा जास्त मागे गेला. जोराचा आकडा वाढवत नेला तसा तो जागच्या जागी गदागदा हलायला लागला. "मामा, याच्या अंगात आलं," भाची ओरडली. आलंच होतं. फक्त निंबाचा पाला आणि ढोल तेवढा कमी होता.

दुसरा नियम यावर उतारा. नुसतं किती लांब आहोत ते बघायचं नाही, अंतर किती वेगाने कमी होतंय तेही बघायचं. ओटा दोन हात लांब असला तरी तुम्ही सुसाट येत असाल तर ब्रेक आत्ताच हवा. चुकीच्या बदलाचा वेग मोजणारा हा भाग म्हणजे 'डी'. तो घातल्यावर हलणं थांबलं. पण तो जास्त झाला तर रोबो भित्र्या म्हातारीसारखा वागतो, पाऊल टाकायच्या आधीच मागे घेतो. शिवाय एन्कोडरच्या वाचनात जरा थरथर असेल तर डी ती दसपट करून सांगतो आणि मोटर किणकिणायला लागते.

तरी एक कुरकुर राहिली. रोबो जागेच्या एक सेंटिमीटर अलीकडेच थांबायचा. चूक इतकी छोटी की पी तिच्यासाठी अगदी थोडाच जोर देतो, आणि तेवढ्या जोराने फरशीचं घर्षण तुटत नाही. मग तिसरा नियम येतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीसारखा. आज दोन रुपये राहिले, उद्या तीन, तो काही बोलत नाही, नुसतं लिहून ठेवतो. पण बेरीज चढत जाते आणि एक दिवस तो हाक मारतोच. क्षणाक्षणाची शिल्लक चूक जमा करत जाणारा हा 'आय'. बेरीज पुरेशी झाली की मोटर हलते आणि शेवटचा सेंटिमीटर भरून निघतो.

वही किती धोक्याची असू शकते ते आम्ही स्वतः पाहिलं. एकदा रोबो चालू असताना मेकॅनिकलच्या मुलाने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, कुठलासा स्क्रू घट्ट करायला. रोबोच्या दृष्टीने तो जागेवर पोचत नव्हता, म्हणून वहीत उधारी चढत होती. चांगली वीस-पंचवीस सेकंद चढली. मग मुलाने हात सोडले. जमा झालेला सगळा जोर एकदम मोटरीत गेला आणि रोबो सुटला तो थेट तुळशीवृंदावनावर. एक कोपरा अजूनही टवका उडालेला आहे. पुस्तकांत याला 'वाइंडअप' म्हणतात. उपाय साधा आहे, वहीला मर्यादा घालायची, अमुक रकमेच्या वर उधारी लिहायचीच नाही. आमच्या कारखान्यांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडून अडकला की हेच व्हायचं, फक्त तिथे तुळशीऐवजी टाकी असायची. त्या दिवसानंतर रोबोच्या वर तळहाताएवढं लाल बटण आलं, दाबलं की मोटरींची वीज तुटते. ते पहिल्या दिवशीच असायला हवं होतं, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं.

हे तिन्ही मिळून पीआयडी. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या इंजिनिअरने त्याचं गणित मांडलं, तेही जहाजाचं सुकाणू धरणाऱ्या नावाड्यांचं निरीक्षण करून. कसलेला नावाडी नुसतं जहाज किती वळलंय ते बघत नाही, किती वेगाने वळतंय आणि मघापासून वारा त्याला कुठे रेटत आलाय तेही ध्यानात धरतो. अमेरिकन नौदलाच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याची चाचणी झाली. आज तुमच्या आसपास जे जे आपलं आपण सांभाळून घेतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच तीन नियम चालतात. रोबोत ते सेकंदाला शंभरेक वेळा चालतात. दर वेळी मोजायचं, वजाबाकी करायची, जोर बदलायचा आणि पुन्हा मोजायचं.

तिघांना किती किती महत्त्व द्यायचं, ते तीन आकडे कुठून आणायचे? झिगलर आणि निकोल्स या दोघांनी १९४२ मध्ये एक पद्धत दिली. बाकीचे दोन बंद ठेवून पी वाढवत न्या, यंत्र एका लयीत अखंड डोलायला लागेल त्या आकड्यावर थांबा, त्याच्या ०.६ पट पी घ्या, आणि एका डोलण्याला किती वेळ लागतो त्यावरून बाकीचे दोन काढा. म्हणजे आधी अंगात येऊ द्यायचं आणि मग उतरवायचं. मुलांनी तिथून सुरुवात केली आणि पुढचं हाताने जुळवलं. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर पतंग उडवताना टीममधला एक मुलगा म्हणाला, हे तेच आहे. ढील किती द्यायची, खेच कधी मारायची. मला ते पटलं. मात्र त्या दिवशी त्याचेच पतंग सगळ्यात जास्त कटले.

वीज हा वेगळाच त्रास. स्पर्धेत २४ व्होल्टची मर्यादा असते, म्हणून सहा सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी घेतात, ती सरासरी २२.२ व्होल्ट देते. व्होल्ट कमी म्हणजे त्याच कामाला अँपिअर जास्त. चारही मोटरी एकदम थांबल्या जागेवरून सुटतात तेव्हा क्षणभर ८० अँपिअरसुद्धा ओढतात. बॅटरी, वायरी आणि कनेक्टर मिळून ०.०५ ओहम रोध धरला तरी चार व्होल्ट वाटेतच गायब. मुलांचा रोबो चकती उचलायला पंजा मिटायचा आणि त्याच क्षणी बेशुद्ध पडायचा. पुन्हा शुद्धीवर आला की आपण कुठे आहोत ते विसरलेला. दोन दिवस कोडला शिव्या घातल्यावर कळलं की पंजाची मोटर सुरू झाली की वीजदाब कोसळतो आणि मेंदूचा बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. उन्हाळ्यात शेजाऱ्याने एसी लावला की आपला दिवा मिणमिणतो, तसंच. मेंदूला छोटी वेगळी बॅटरी दिली, प्रश्न मिटला. या बॅटऱ्या चार्ज करताना पोरं शेजारी वाळूची बादली ठेवायची. लिथियमने पेट घेतला तर तो पाण्याने सहज विझत नाही, म्हणून हा शहाणपणा. बाकी कशात शहाणपणा दिसला नाही, पण यात दिसला.

चेंडू फेकायचं काम मला सगळ्यात आवडलं. समोरासमोर उलट फिरणारी दोन चाकं, मधून चेंडू सोडायचा, क्रिकेटच्या सरावाला असतं तसलं यंत्र. यात गोम अशी की चेंडू किती लांब जाणार हे वेगाच्या वर्गावर ठरतं. ४५ अंशांत सेकंदाला आठ मीटर वेगाने सोडला तर तो हवेचा अडथळा सोडून साडेसहा मीटर जातो. वेग शेकडा एकने चुकला तर अंतर शेकडा दोनने चुकतं, म्हणजे तेरा सेंटिमीटर. आणि चेंडू गेला की चाकांचा वेग दर वेळी पडतोच, कारण चेंडू त्यांचीच ऊर्जा घेऊन जातो. म्हणून लागोपाठ फेकले की दुसरा अलीकडेच पडायचा. इथेही पीआयडी, चाकाच्या फेऱ्यांवर. शिवाय एक साधा नियम, फेऱ्या ठरलेल्या आकड्यावर परत येईपर्यंत पुढचा चेंडू सोडायचाच नाही. घाई करणाऱ्या मुलाला हा नियम पाळणं जमेना, म्हणून तो प्रोग्रॅममध्येच घालून टाकला.

पंजा हवेच्या दाबावर चालायचा. सहा बारपर्यंत दाबलेली हवा साठवायला मुलांनी काय वापरलं असेल? थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या. या स्पर्धेत कितीतरी टीम त्याच वापरतात. गॅसचं पेय भरण्यासाठी बनवलेली बाटली दाब सोसते आणि वजन जवळजवळ नाहीच. सगळ्या सामानासकट रोबोंना ५० किलोंच्या आत बसायचं असतं, तिथे हे फार मोलाचं. माझ्या बहिणीला मात्र पोरं एवढं गोड पितात याचीच काळजी.

सुटे भाग मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत बनायचे. पहिल्यांदा टीम तिथे गेली ती फोनवर फोटो घेऊन, असा असा दांडा पाहिजे म्हणून. लेथवरच्या टर्नरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच म्हणाले, "पहेलां माप लाव, पछी वात." म्हणजे आधी माप आण, मग बोल. मुलं हिरमुसली. मी भाचीला म्हटलं, याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, हाताचं काम शास्त्रासारखं शिकवायला. दादासाहेब फाळकेसुद्धा तिथे शिकले. आणि तू फोटो दाखवून दांडा मागतेस? पुढच्या खेपेला ती ड्रॉइंग घेऊन गेली, प्रत्येक मापापुढे किती फरक चालेल तेही लिहून. काकांनी ते नीट वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलने सुधारलं आणि लेथ चालू केलं. माझे आजोबा सुतारांशी सुतात बोलायचे, एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. इथे दांडा आणि चाकाच्या भोकात मिलिमीटरच्या शतांश भागाचा प्रश्न होता. जास्त सैल झालं तर चाक डुगडुगणार, आणि डुगडुगणाऱ्या चाकाला कुठलाही पीआयडी सरळ करू शकत नाही.

शेवटचं भूत सापडलं ते अगदी क्षुल्लक. सगळं नीट असताना मधूनच रोबो वीस अंश तिरका जायचा, मग पुन्हा नीट. चार दिवस कोणाला काही कळेना. मोटरीचा दांडा आणि चाकाचा कपलिंग, म्हणजे दोघांना जोडणारा तुकडा, एका बारक्या स्क्रूने घट्ट केलेला असतो. जोराचा झटका बसला की तो स्क्रू दांड्यावर कणभर घसरायचा. घसरला की नाही हे बघून ओळखता येत नाही. भाचीने तिच्या पर्समधून लाल नेलपेंट काढलं आणि दांडा-कपलिंगवरून आरपार एक बारीक रेघ ओढली. चारही चाकांना. तीन सराव झाले, मग खाली वाकून पाहिलं. तीन चाकांची रेघ अखंड होती. मागच्या डाव्या चाकाची मधोमध तुटलेली, दोन टोकं तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली. दांड्यावर कानशीने सपाट जागा केली, स्क्रूला लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावलं आणि नेलपेंटची नवी रेघ ओढली. ती पुन्हा तुटली नाही. कारखान्यात आम्ही बोल्टांवर पिवळ्या रंगाची अशीच रेघ मारायचो, पण हे मी तिला सांगितलं नाही. तिचं तिला सुचलं होतं.

रोबो सुटा करून, पत्र्याच्या पेट्यांत भरून टीम दिल्लीला गेली. सरावाच्या रात्री अकराला फोन आला. इथलं मैदान आपल्या चौकासारखं नाही, रंग लावलेलं आहे, चाकं वेगळी बसतात, पाच मीटरला पावणेदोन सेंटिमीटर कमी पडतायत.

"मग काय केलंस?"

"५७.४ चं ५७.२ केलं. आता बरोबर येतंय. मामा, एक बघा ना. माझी नेलपेंटची बाटली तुमच्या खिडकीत राहिली का?"

खिडकीतच होती, व्हर्नियरच्या शेजारी.